तथापि

१२ फेब्रुवारी

ताई,

तुझा पत्ता तुमच्या शिलाई कारखान्यातल्या कटिंग मास्तरांनी दिला. सहज नाही दिला. "बाईंनी जाताना बजावलंय, कुणालाही द्यायचा नाही," म्हणाले. मी म्हटलं, अहो, अठरा वर्षं आमची दारं समोरासमोर होती, मी 'कुणाला'मध्ये कशी येईन? त्यांनी थोडा विचार केला, गणवेशाच्या कागदी साच्याचा एक कोपरा फाडला आणि त्यावर लिहून दिला. म्हणजे तुझा नवा पत्ता सध्या शाळेच्या सदऱ्याच्या बाहीवर आहे.

भावाकडे रुळलीस का? गुडघे कसे आहेत? इथं तिसऱ्या मजल्यावर राहूनही तुला कधी जिना चढावा लागला नाही, कारण भावोजींनी लिफ्ट कधी बंद पडू दिली नाही. दिवसभर शहरातल्या लिफ्टा दुरुस्त करून यायचे आणि घरी शिरायच्या आधी आपल्या लिफ्टचं दार उघडून कान लावायचे. आता महिन्यातून दोनदा बंद पडते. नवा दुरुस्तीवाला येतो, दोन ठिकाणी ठोकतो आणि जातो. परवा आपले अध्यक्ष मध्येच अडकले, पाऊण तास. वजनमाप खात्यातून निवृत्त झालेला माणूस, आत उभं राहून वजनमर्यादेची पाटी वाचत होते म्हणे. बाहेर आल्यावर पहिलं वाक्य बोलले ते, "ते असते तर." 

आता ज्यासाठी लिहिते आहे ते. महापालिकेनं यंदा एक योजना काढली आहे. राजधानीत इतक्या धर्मांचे, इतक्या भाषांचे लोक एका छपराखाली राहतात, तर ज्या इमारती गुण्यागोविंदानं नांदतात त्यांना 'सलोख्याचं घर' अशी पाटी द्यायची. पहिल्या दहांत आपली इमारत आली आहे. अध्यक्षांनी भरून दिलं होतं: सोळा घरं, सात धर्म-पंथ, पाच भाषा. त्या सातांत तुम्ही आहात. म्हणजे कागदावर अजून आहात. सहा एप्रिलला पाटी लागणार, फोटो काढणार. अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही त्यांना बोलवाच. तुमचं ऐकतील."

तू यावंस असं मलाही वाटतं. फोटोसाठी नाही.

भावोजी गेले त्या दिवशी माझं डोकं फार दुखत होतं, त्यामुळे मला थांबता आलं नाही. जूनमध्ये तू सामान हलवलंस तेव्हा मी वर्गावर होते. आपलं नीट बोलणं झालंच नाही, ते मनात राहून गेलं आहे.

लेक बरी आहे. फिजिओथेरपीचं दुसरं वर्ष. मावशीचा फोन का लागत नाही, म्हणून सारखी विचारते. मी सांगते, तिकडे रेंज नसेल.

तुझी,
मास्तरीण


२८ फेब्रुवारी

ताई,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं असावं. उत्तराची घाई नाही. अध्यक्ष रोज जिन्यात विचारतात, एवढंच.

परवा माझ्या वर्गात एक गोष्ट झाली, ती तुला सांगायची आहे. महापालिकेत खिडकीवर बसणारे नवे कारकून होते, एकवीस जण. नेहमीचे दोन तास: वेगवेगळ्या धर्मांच्या, वेगवेगळ्या चालीरीतींच्या लोकांशी कचेरीत कसं बोलावं, कसं वागावं. नाव उच्चारता आलं नाही तर एकदा विचारून घ्यावं आणि दुसऱ्यांदा चुकू नये. समोरच्यानं हात पुढे केल्याशिवाय आपण करू नये. "तुम्ही मूळचे कुठले?" हे दोनदा विचारू नये. "तुमच्यात असंच असतं ना?" हे तर कधीच नाही. आणि कुणी म्हणालं, माझी प्रार्थनेची वेळ झाली, तर आपण घड्याळाकडे बघू नये.

शेवटच्या वाक्याशी एका मुलीनं हात वर केला. "बाई, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

मी म्हटलं, "अनुभवानं."

ताई, तू माझ्या ओट्याला टेकून उभी होतीस. मला हा वर्ग नुकताच मिळाला होता आणि काय शिकवायचं ते ठाऊक नव्हतं. मी वही घेऊन बसले आणि तू एकेक सांगत गेलीस. बँकेतला तो माणूस, शाळेतल्या त्या बाई, बसमध्ये तुझ्या शेजारची जागा सोडून उठलेली ती म्हातारी. सांगताना तू हसत होतीस. मी त्या प्रत्येकाचा एक नियम केला. बारा पानांची पुस्तिका झाली, माझ्या नावानं छापली. पहिली प्रत तुला दिली तेव्हा म्हणालीस, "ही तर माझ्या तक्रारींची वही. बरी शिवलीस गं, मास्तरीण." तेव्हापासून मी मास्तरीण झाले.

अनुभव होता, पण माझा नव्हता. ते त्या मुलीला सांगायला हवं होतं.

आणि आता बोललेच आहे तर नववं पानही सांगते. भावोजी गेले त्या दिवशी दुपारी मी तुझ्याकडे आले. दोन मिनिटं उभी राहिले आणि म्हटलं, "आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत." तू मान वर करून माझ्याकडे बघितलंस. घरी आल्यावर आठवलं, ते वाक्य तूच लिहून घ्यायला लावलं होतंस. "काही सुचलं नाही तर परक्यांनी एवढं म्हणावं," असं म्हणाली होतीस.

त्या दिवशी माझं डोकं दुखत नव्हतं. मी आमच्या दाराला डोळा लावून उभी होते. तळमजल्यावरची खोली बंद नसती तर तुमचे लोक शेवटच्या प्रार्थनेला तिथं बसले असते. दर बुधवारी संध्याकाळी बसायचेच. पण खोलीला महापालिकेचं सील होतं आणि तुमच्या दोन खोल्यांत माणसं मावणार किती? त्या दिवशी तर दुसऱ्या वस्त्यांतूनही आली होती, म्हणून ती जिन्यात उभी राहिली, तळापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत, भिंतीला चिकटून, एकेका पायरीवर दोघं. दुसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यांच्या पेशंटला वाट द्यायची म्हणून ती आणखी आकसली. एक म्हातारे गृहस्थ माझ्या दारासमोर होते. चपला काढून हातात धरल्या होत्या. कुणाला अडचण नको म्हणून.

मी त्यांना पाणी विचारलं नाही.

खोली बंद करण्याच्या अर्जावर सोळापैकी अकरा घरांच्या सह्या होत्या. त्यात आमचीही होती. ह्यांनी केली. तुला कळलं असेलच.

मास्तरीण


१९ मार्च

ताई,

हे पत्र मी तीनदा फाडलं आहे. आता फाडणार नाही.

अध्यक्षांनी कार्यक्रमाचं प्रास्ताविक माझ्यावर सोपवलं. आपल्या इमारतीत मतभेद कसे सभ्यपणे मिटवले जातात ते सांगा म्हणाले, आणि जुने कागद बघायला समितीची फाइल आणून दिली. ती मी जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि भाजी आणायला गेले. परत आले तर लेक टेबलाशी उभी होती. हातात दोन ताव होते. माझ्याच अक्षरातले, खाडाखोड केलेले. अर्जाचा कच्चा मसुदा. अध्यक्षांनी तोही जपून ठेवला होता. माणूस कागद टाकत नाही.

"हे तू लिहिलंस?"

"भाषा तेवढी माझी आहे," मी म्हटलं. "मजकूर त्यांचा."

तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं. मग म्हणाली, "ते अध्यक्षकाका 'लिफ्ट बंद हाय' असं लिहितात. ते हे लिहितील?"

दुसऱ्या दिवशी ती वसतिगृहावर गेली. जाताना भांडली असती तर बरं झालं असतं. पंखा बंद केला, अंथरुणाची घडी घातली आणि गेली. ह्यांनी विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. हे म्हणाले, "सही तर सगळ्यांचीच आहे." त्यांना खरंच तसं वाटतं.

आता तू ऐक. मागच्या वर्षी जानेवारीत अध्यक्ष त्यांचा मसुदा घेऊन आले होते. सहा ओळी. चपलांचा ढीग, बाहेरची गर्दी, ताबडतोब बंद करा नाहीतर बघून घेऊ. मला हसू आलं. मी म्हटलं, असा अर्ज कचेरीत टोपलीत जातो. "मग तुम्हीच लिहा ना," म्हणाले.

मी नाही म्हणू शकले असते. माझ्यावर कुणाची जबरदस्ती नव्हती. मी पेन घेतलं आणि एका बैठकीत लिहून काढला. 'आम्हा सर्व रहिवाशांना आपल्या शेजाऱ्यांच्या श्रद्धेविषयी नितांत आदर आहे. तथापि, सदर खोलीस एकच दरवाजा असून तेथे दर आठवड्यास इमारतीबाहेरील व्यक्ती मोठ्या संख्येने एकत्र येत असल्याने, सर्वांच्याच, विशेषतः प्रार्थनेस येणाऱ्या बंधुभगिनींच्या सुरक्षिततेविषयी आम्हांस काळजी वाटते.'

दरवाजा एकच आहे हे अध्यक्षांच्या ध्यानातही नव्हतं. ते मी काढलं. पालिकेत कुठला मुद्दा चालतो ते मला माहीत आहे, पंधरा पावलांवर त्यांचं टेबल आहे. 'इमारतीबाहेरील व्यक्ती' हेही माझंच. दर बुधवारी येणारे पंधरा जण होते आणि त्यातल्या प्रत्येकाला मी ओळखत होते. औषधाच्या दुकानातला तो उंच माणूस, ज्यानं ह्यांच्या आजारपणात घरी गोळ्या आणून दिल्या. लेकीच्या शाळेतल्या ग्रंथपाल बाई. त्यांना मी व्यक्ती केलं.

आठ दिवसांत पाहणी झाली, पंधरा दिवसांत सील लागलं. इतक्या लवकर आमच्या कचेरीत काही होत नाही. अर्जाची नक्कल चांगल्या अर्जाचा नमुना म्हणून एका साहेबांनी टाचणीनं फळ्यावर लावली होती. मला त्याचा आनंद झाला होता, ताई. तेही लिहिते.

का केलं? चपलांमुळे नाही. आवाज तर तुमचा कधी दारापलीकडे यायचाच नाही.

त्याच्या आधीच्या डिसेंबरात जेवताना कळलं की लेक बुधवारी संध्याकाळी तुमच्या खोलीत मागे जाऊन बसते. चार महिने जात होती. मी विचारलं, "तिथं काय करतेस?"

"काही नाही. बसते."

"तुला त्यांचं पटायला लागलंय का?"

"पटायचं काय त्यात? तिथं मला कुणी सुधारत नाही, आई."

मी तेव्हा तिच्या हातातला चमचा सरळ करत होते.

तू मला हे सांगितलं नव्हतंस. चार महिने ती तुझ्याकडे येत होती आणि दार उघडल्यावर तू माझ्याशी लिंबांबद्दल बोलत होतीस. मला वाटलं, माझी मुलगी गेली. तुमच्या धर्मात गेली असं नव्हे. ती भीती मी ह्यांना दाखवायला वापरली. खरं म्हणजे ती तुझ्या घरात गेली, आणि तिथं ती माझ्या घरातल्यापेक्षा सुखी होती. ती तिकडे जाते ते दारच बंद करावं असं मला वाटलं, आणि त्यासाठी मला एक सभ्य वाक्य सापडलं.

अजून एक राहिलं आहे, आणि तेच सगळ्यात वाईट.

भावोजी गेले त्या सकाळी सात वाजून गेले होते. तू आमचं दार वाजवलंस. तीनदा. मी स्वयंपाकघरात होते. दाराच्या भिंगातून बघितलं तर तू होतीस, केस मोकळे, पायात काही नव्हतं. खोलीला सील लागून दोन महिने झाले होते. मला वाटलं, अर्ज कुणी लिहिला ते तुला कळलं आणि तू जाब विचारायला आलीस. मी श्वास धरून उभी राहिले. तू तिसऱ्यांदा वाजवलंस, हात दारावर तसाच ठेवलास, मग परत गेलीस.

वीस मिनिटांनी जिन्यात पावलं वाजली तेव्हा मला कळलं काय झालं होतं.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही. तू कार्यक्रमाला येऊ नकोस. फोटोचं मी बघते.


८ एप्रिल

ताई,

परवा कार्यक्रम झाला. तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मी सांगते.

अंगणात मांडव घातला होता. साठ-सत्तर माणसं होती. पालिकेच्या योजना अधिकारी बाई आल्या होत्या, हसऱ्या, सगळ्यांशी अगदी पुस्तिकेतल्यासारखं वागत होत्या. पाटी फडक्याखाली झाकून तळमजल्यावरच्या खोलीच्या दाराशेजारी लावली होती. सील दिसू नये म्हणून दारासमोर फुलांच्या कुंड्या मांडल्या होत्या. लेक आली होती, शेवटच्या रांगेत बसली. मी तिला बोलावलं नव्हतं.

माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले आणि प्रास्ताविकाचा कागद पिशवीतच ठेवला. फाइलमधला अर्ज काढला आणि वाचायला लागले. आधी काही सांगितलं नाही.

'आम्हा सर्व रहिवाशांना आपल्या शेजाऱ्यांच्या श्रद्धेविषयी नितांत आदर आहे.'

लोकांनी टाळ्या वाजवल्या, ताई. अधिकारी बाईंनी मान डोलावली. अध्यक्ष पुढच्या रांगेत प्रसन्न बसले होते.

मी 'तथापि' म्हटलं आणि पुढचं वाचलं. दरवाजा, बाहेरच्या व्यक्ती, बंधुभगिनी, सगळं. तारीख वाचली. तोपर्यंत अध्यक्षांच्या ध्यानात आलं होतं, ते उठून मला कागद मागायला लागले. मी म्हटलं, "हा अर्ज मी लिहिला. यातली काळजी खोटी होती. ज्या खोलीच्या दाराला ही पाटी लावताय ती आम्ही बंद करवली. दोन महिन्यांनी त्याच लोकांमधला एक माणूस गेला. आपली लिफ्ट ज्यांनी अठरा वर्षं चालवली, ते. त्यांच्या शेवटच्या प्रार्थनेला लोक जिन्यात उभे होते. तुमच्यातल्या पुष्कळांनी बघितलं. मीही बघितलं, दाराआडून."

 मी खाली बसले.

कुणीतरी ओरडेल, मला हाकलतील, असं मला वाटलं होतं. कदाचित तेच हवं होतं. पण तसं काहीच झालं नाही. दंतवैद्य खाकरले. अधिकारी बाई उठल्या आणि त्यांनी माझे आभार मानले. म्हणाल्या, अशा प्रांजळ संवादातूनच सलोखा वाढतो, आणि फडकं ओढलं. पुन्हा टाळ्या झाल्या, पहिल्यापेक्षा थोड्या कमी. फोटो काढला. मी त्यात आहे, दुसऱ्या रांगेत, कारण छायाचित्रकारानं "बाई, जरा आत सरका" म्हटलं आणि मी सरकले. सवय.

आज सकाळी कचेरीतून पत्र आलं: 'आपल्या दीर्घ सेवेबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. तथापि, शिष्टाचार वर्ग तूर्त स्थगित ठेवण्यात येत आहे.' मसुदा चांगला आहे. ज्यानं लिहिला तो माझ्याच वर्गातला असणार.

अध्यक्ष माझ्याशी बोलत नाहीत. हे बोलतात, पण भिंतीकडे बघून. आणि लेकीनं मांडवातल्या खुर्च्या घडी करायला मदत केली, माझ्या शेजारी उभी राहून दहा-बारा केल्या, आणि वसतिगृहावर गेली.  तिनं उलट्या लावलेल्या दोन खुर्च्या मी सरळ केल्या नाहीत.


५ मे

ताई,

तुझं पत्र आलं. सात ओळींचं आहे, मला पाठ झालं आहे. तरी इथं उतरवते, म्हणजे मी नीट वाचलं की नाही ते तुला कळेल.

'मास्तरीण, चारही पत्रं मिळाली. अर्ज तू लिहिलास हे मला नोटीस आली त्या दिवशीच कळलं. 'नितांत' हा शब्द आपल्या इमारतीत दुसरं कुणी वापरत नाही. ह्यांना मी सांगितलं नाही, ते तुला फार मानायचे. त्या सकाळी मी भांडायला आले नव्हते. ते उठत नव्हते आणि मला एकटीला परत त्या खोलीत जायचा धीर होत नव्हता, एवढंच. माफीचं मला अजून काही कळत नाही. लेकीला सांग, इथं रेंज आहे.'

म्हणजे तुला माहीत होतं. दोन महिने माहीत असून तू माझ्याकडून विरजण नेत होतीस, लेकीच्या ड्रेसला काजं करून देत होतीस. आणि सगळं माहीत असून त्या सकाळी तू माझंच दार वाजवलंस. तुझ्या उजवीकडे दुसरं दार होतं, दोन पावलांवर.

यावर मला लिहिता येत नाही. मी पुष्कळ प्रयत्न केला.

लेकीला निरोप दिला. रविवारी जेवायला आली होती. हातातला घास तसाच टाकून उठली, फोन घेतला आणि जिन्यात जाऊन बसली. अर्ध्या तासानं आली तेव्हा डोळे लाल होते. काय बोललात ते मी विचारलं नाही.

काल मी कचेरीत गेले. शिकवायला नाही, खिडकीसमोरच्या रांगेत उभी राहायला. खोलीचं सील काढा असा अर्ज घेऊन. त्यावर सात घरांच्या सह्या आहेत. दारोदार फिरले. दोघांनी तोंडावर दार लावलं. दंतवैद्यांनी सही केली, का ते सांगितलं नाही. ह्यांनी केली, मला म्हणाले, "आण इकडे, उगाच बोलू नकोस." अर्ज मी स्वतः लिहिला, आणि तो वाईट आहे. एकच वाक्य तीनदा आलं आहे.

खिडकीवर तीच मुलगी होती, जिनं विचारलं होतं की हे तुम्हाला कुणी शिकवलं. तिनं मला बघितलं, उभी राहिली, मग बसली. अर्ज वाचला. म्हणाली, "आपला अर्ज आम्हाला मिळाला. आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो. योग्य वेळी कळवण्यात येईल."

सहावं पान. माझंच.

मी म्हटलं, "बाळ, मला ते ऐकवू नकोस. काय होऊ शकतं ते सांग."

ती उठली. मग आत गेली आणि जुनी फाइल घेऊन आली. ज्यांच्या वापराविरुद्ध तक्रार आहे त्यांचं म्हणणं मागवायचं, असा नियम आहे म्हणाली. त्याचा वेगळा फॉर्म असतो. तो फाइलमध्ये होता, कोरा. कुणी पाठवलाच नव्हता. अर्ज इतका समजूतदार होता की दुसऱ्या बाजूला काही म्हणायचं असेल असं कुणाला वाटलं नाही. तो फॉर्म आता भरून आला तर प्रकरण पुन्हा उघडावं लागतं, आणि मग भिंतीत दुसरं दार काढू द्यायचं की नाही ते त्यांना ठरवावं लागतं. खोली उघडेलच असं ती म्हणाली नाही. मीही म्हणत नाही.

मी तिला म्हटलं, "तू त्या दिवशी विचारलं होतंस. माझ्या शेजारणीनं शिकवलं मला, सगळंच्या सगळं." तिनं मान हलवली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

फॉर्म सोबत पाठवते आहे. वर इमारतीचा पत्ता आणि प्रकरणाचा क्रमांक आहे, तो त्या मुलीनं घातला. खाली 'आपले म्हणणे' असा मोठा रकाना आहे. तिथं मी एक शब्दही लिहिलेला नाही, पेन्सिलीनंसुद्धा नाही. तुला भरायचा नसेल तर नको भरूस, फाडून टाक. तू इथं राहत नाहीस आणि तुला या घराशी काही देणंघेणं राहिलं नसेल तर ते बरोबरच आहे. पण तुमचे बाकीचे अजून दर बुधवारी औषधाच्या दुकानाच्या मागच्या बोळात उभे राहतात. मी जाऊन बघून आले. त्या म्हाताऱ्या गृहस्थांना कुणीतरी एक स्टूल दिलं आहे.

भरलास तर मला पाठवू नकोस. थेट कचेरीला पाठव. आणि तुझ्या तोंडी जसं येईल तसं लिही, ताई. शुद्धलेखन बघायला मी तिथं नाही.